आठव्या सेमिस्टरसाठी एक प्रोजेक्ट: संगणक विभागप्रमुखांना खुलं पत्र

प्रति,
संगणक आणि माहिती तंत्रज्ञान विभागांचे प्रमुख,
महाराष्ट्रातली अभियांत्रिकी महाविद्यालयं

विषय: शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टबाबत

सर, मॅडम, नमस्कार.

मी २००४ साली तुमच्यासारख्याच एका कॉलेजातून बी.ई. झाले. आम्हा चौघींचा प्रोजेक्ट होता 'हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टीम'. समोर व्हिज्युअल बेसिक, मागे ॲक्सेस. पेशंटचं नाव टाका, बेड नंबर टाका, बिल छापा. निम्मा कोड आधीच्या बॅचकडून आला होता आणि त्यांना तो कुठून मिळाला हे विचारायची पद्धत नव्हती. काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरं उमटवलेलं ब्लॅक बुक झालं, मागच्या पुठ्ठ्याला सीडी चिकटवली. एक्स्टर्नलनी डेटा फ्लो डायग्राम कितव्या पानावर आहे एवढंच विचारलं आणि सही केली. ती सीडी त्यानंतर कोणी कुठल्या कॉम्प्युटरमध्ये घातली असेल असं मला वाटत नाही.

आता मी पुण्यात सर्व्हर सांभाळते आणि वर्षातून दोनदा फ्रेशर्सच्या मुलाखतींना बसते. वीस वर्षांत विषय बदललेत. हॉस्पिटलच्या जागी चेहरा ओळखून हजेरी घेणारी यंत्रणा आलीय, ॲक्सेसच्या जागी क्लाउड. सीडी जाऊन गिटहबची लिंक आलीय, आणि तिथे सगळा कोड एकाच रात्रीत, एकाच दमात चढवलेला दिसतो. तारीख बघावी तर सबमिशनच्या आदल्या दिवसाची.

पण मी रडगाणं गायला हे पत्र लिहीत नाहीये. माझ्याकडे एक प्रोजेक्ट आहे: डेबियन या लिनक्स प्रणालीची नवी आवृत्ती येण्याआधी तिच्यातले दोष निस्तरायला हात लावायचा. तो कोणाकडून उतरवून घेता येत नाही, त्याला पैसे लागत नाहीत, आणि त्याचं वेळापत्रक तुमच्या आठव्या सेमिस्टरशी जुळतं. हे शेवटचं मला फार उशिरा लक्षात आलं.

९ ऑगस्ट २०२५ ला, राखीपौर्णिमेच्या शनिवारी, डेबियन १३ प्रसिद्ध झालं. नाव ट्रिक्सी. (एका गाजलेल्या ॲनिमेशनपटातल्या खेळण्यांची नावं या आवृत्त्यांना देतात. कायम अस्थिर राहणाऱ्या शाखेचं नाव सिड, म्हणजे खेळणी मोडणारा शेजारचा पोरगा. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी.) ६९,८३० पॅकेजेस (म्हणजे बसवायला तयार बांधून ठेवलेली सॉफ्टवेअरं), त्यातली १४,१०० हून अधिक नवी, ८,८४० जुनी म्हणून काढून टाकलेली. तुमच्या लॅबमध्ये उबुंटू असेल तर ते डेबियनच्याच पिठाचं. आयओटी लॅबमधल्या रास्पबेरी पायची प्रणालीही त्याच घराण्यातली, आणि सी-डॅकने २००७ साली आणलेली बॉस प्रणालीसुद्धा. हे सगळं जगभरातली सुमारे हजार डेव्हलपर मंडळी आणि त्यांच्या भोवतीचे आणखी कितीतरी स्वयंसेवक मिळून करतात. त्यांच्यामागे मालक म्हणून कुठली कंपनी नाही.

त्या शनिवारी आपल्याकडेही अनेकांनी डाउनलोड केलं, स्क्रीनशॉट टाकले, अभिनंदनं केली. मग कोणाचा वायफाय चालेना, कोणाचा प्रिंटर रुसला, आणि तक्रारी सुरू झाल्या. वरातीमागून घोडं. वरात निघाली होती मार्चमध्येच.

डेबियनमध्ये नवी आवृत्ती अशी एका दिवशी जन्माला येत नाही. आधी काही महिने फ्रीझ असतो, म्हणजे बदलांना टप्प्याटप्प्याने बंदी. ट्रिक्सीसाठी १५ मार्चला पहिलं दार बंद झालं: आता मोठ्या लायब्ररींची, म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या कोडची, उलथापालथ नको. १५ एप्रिलला दुसरं: नवी पॅकेजेस नकोत, फक्त नेमक्या दुरुस्त्या करा. १५ मे रोजी तिसरं: महत्त्वाच्या पॅकेजमध्ये, किंवा ज्याच्या आपोआप चालणाऱ्या चाचण्या नाहीत अशा पॅकेजमध्ये, काहीही बदलायचं तर रिलीज टीमची परवानगी काढा. २७ जुलैला शेवटचं: आता प्रत्येक बदलाला परवानगी. परवानगी मागायची म्हणजे नेमक्या कोणत्या ओळी बदलल्या ते दाखवायचं. रिलीज टीममधला कोणीतरी माणूस त्या ओळी वाचतो. तीन ओळी हव्या असताना तीनशे बदलल्या असतील तर अर्ज परत येतो.

बुकवर्मचा, म्हणजे आवृत्ती १२ चा फ्रीझ १२ जानेवारी २०२३ ला सुरू झाला होता. त्याआधीच्या बुल्सआयचा १२ जानेवारी २०२१ ला. २००५ पासून आलेल्या अकराच्या अकरा आवृत्त्या विषम वर्षीच आल्यात. पुढच्या, म्हणजे आवृत्ती १४ फोर्कीच्या तारखेवर मी पैज लावणार नाही, पण शिरस्ता तोच राहिला तर २०२७ च्या जानेवारी ते मेमध्ये, म्हणजे तुमची मुलं आठव्या सेमिस्टरला प्लेसमेंट आटपून कॅन्टीनमध्ये बसलेली असतील तेव्हा, ६९ हजारांच्या वर पॅकेजेसमधले गंभीर दोष निस्तरायला माणसं हवी असतील.

हे काम विद्यार्थ्यांच्या आवाक्यातलं आहे का, ही शंका तुम्हाला येणारच. म्हणून दोन खरी उदाहरणं देते.

पहिलं टर्बो सीचं. अजूनही काही कॉलेजांत निळ्या पडद्यावर 'व्हॉइड मेन' लिहायला शिकवतात. तुमचं कॉलेज त्यातलं नसेल अशी आशा आहे. तर जुन्या सीमध्ये फंक्शन आधी जाहीर न करताच वापरून टाकायची सवय होती, आणि जीसीसी कंपायलर (कोडचा चालणारा प्रोग्रॅम करून देणारा) नुसता इशारा देऊन पुढे जायचा. जीसीसी १४ पासून त्याने हे चालवून घेणं सोडलं, आता ती सरळ चूक धरली जाते. ट्रिक्सीत जीसीसी १४ आहे. वीस-पंचवीस वर्षं गुण्यागोविंदाने कंपाइल होणारी पॅकेजेस त्यामुळे अडकली. दुरुस्ती बहुतेक वेळा एका ओळीची: योग्य हेडर जोडा. पण ती ओळ शोधायला दुसऱ्याचा जुना कोड वाचावा लागतो, आणि नेमकं तेच आपण चार वर्षांत एकदाही करून घेत नाही. पायथनचंही असंच झालं. ३.१३ मध्ये सीजीआय, टेलनेटलिब यांसारखी १९ जुनी मॉड्युलं काढून टाकली, त्यांच्यावर विसंबलेली पॅकेजेस मोडली.

अशी नीट बांधता न येणारी पॅकेजेस डेबियनच्या नोंदवहीत 'सीरियस' दर्जाचा बग म्हणून नोंदली जातात. वेळेत कोणी लक्ष घातलं नाही, तर पॅकेज येणाऱ्या आवृत्तीतून आपोआप वगळलं जातं. त्याची आगाऊ सूचना मिळते, तारखेसकट. तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी बंद पडलेलं पॅकेज आपल्या मशीनवर बांधून बघू शकतो, लॉग वाचू शकतो, कारण शोधून दुरुस्तीचा पॅच जोडू शकतो. थेट अपलोड करण्याचा हक्क त्याला नसतो आणि नसावाच. पॅच तपासून घ्यायचा की नाही हे त्या पॅकेजची देखभाल करणारा मेंटेनर ठरवतो.

दुसरं उदाहरण मात्र आवाक्याबाहेरचं वाटेल, आणि मला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड नावाचा पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा अभियंता डेबियनच्या अस्थिर शाखेवर मोजमापं घेत होता. एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर, लॉग-इन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्याला खटकलं. अर्धा सेकंद! आपण लिफ्टचं बटण दाबून यापेक्षा जास्त वेळ विचार करतो. तो मागे लागला, आणि एक्सझेड नावाच्या, फाइली दाबून लहान करणाऱ्या साध्याशा लायब्ररीत लपवलेला चोरदरवाजा त्याला सापडला. तो ठेवणाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ चांगलं काम करून त्या प्रकल्पाचा विश्वास कमावला होता. २९ मार्चला फ्रॉइंडने ते जाहीर केलं. दूषित आवृत्ती डेबियनच्या टेस्टिंगपर्यंत, म्हणजे पुढची आवृत्ती घडते त्या शाखेपर्यंत, पोचली होती, लोक वापरतात त्या स्थिर आवृत्तीपर्यंत नाही. जगभरचे असंख्य सर्व्हर वाचले ते दोन गोष्टींमुळे: एका माणसाला अर्ध्या सेकंदाची चीड आली, आणि 'जुनाट सॉफ्टवेअर देतात' म्हणून ज्यांची थट्टा होते त्यांनी नवं लगेच उचललं नव्हतं.

फ्रॉइंडसारखे अनुभवी लोक कॉलेजातून तयार होऊन निघत नाहीत, हे मलाही कळतं. पण 'हे इतकं हळू का चालतंय' असं विचारायची सवय कुठेतरी लागावी लागते.

याची दुसरी बाजूही मुलांना दाखवा. २००६ मध्ये डेबियनमध्येच ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीच्या कोडमधली, तपासणीच्या साधनाने ओरड केलेली एक बाब 'साफ' करण्यात आली. हेतू चांगला होता. पण त्या सफाईत यादृच्छिक आकडे तयार करण्याचा बहुतेक सगळा कच्चा माल निघून गेला, उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक. म्हणजे एका प्रकारच्या सांकेतिक किल्ल्या जास्तीत जास्त ३२,७६८ इतक्याच तयार होऊ शकत होत्या. ज्याला कुलूप उघडायचंय त्याने बसून सगळ्या लावून बघाव्यात. मे २००८ मध्ये हे उघडकीला आलं, आणि डेबियनने ते झाकलं नाही. आमच्या टीममध्ये नवीन माणूस आला की मी त्याला हा प्रकार वाचायला देते. तीन ओळींच्या बदलासाठी रिलीज टीम इतके प्रश्न का विचारते, हे मग वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता तुमच्या खऱ्या अडचणीकडे येते. सीओ-पीओ मॅपिंग, म्हणजे विषयाची आणि पदवीची अपेक्षित फलितं जुळवून दाखवायचा तक्ता. एनबीएची, म्हणजे अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या मंडळाची टीम आली की 'आम्ही दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमधले बग काढले' हे कुठल्या रकान्यात बसवायचं? मला विचाराल तर हे हजेरीच्या ॲपपेक्षा सोपं आहे. डेबियनमधल्या प्रत्येक बगला क्रमांक असतो, त्याचं पान सगळ्यांना उघडं असतं, आणि कोणी कधी काय लिहिलं ते तारखेसकट तिथे राहतं. चार जणांच्या ग्रुपमध्ये काम एकाने केलं आणि तिघांनी झेरॉक्स काढल्या, हे तिथे लपत नाही. एक्स्टर्नल व्हायवाच्या खुर्चीत बसून मोबाइलवर ते पान उघडू शकतात. ब्लॅक बुकमध्ये साठ पानं 'इंट्रोडक्शन टू लिनक्स' भरण्याऐवजी आठ बग क्रमांक आणि प्रत्येकाची दोन-दोन पानं हकिगत येऊ द्या. वाचणाऱ्यालाही बरं पडेल.

गाइडला यातलं येत नाही, ही दुसरी अडचण. येत नसेल तर ते मुलांसमोर कबूल करायला हरकत नसावी. मी सर्व्हरच्या कामात आले तेव्हा मला शिकवणाऱ्यांनाही अर्धं येत नव्हतं. आम्ही दोघं मिळून मॅन्युअल वाचायचो.

तिसरी अडचण माझ्या मते सगळ्यात मोठी आहे, आणि ती तुमच्याकडून नाही, माझ्या या पत्रातूनच उद्भवू शकते. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये हॅकटोबरफेस्ट नावाच्या मोहिमेत बदल पाठवले की टी-शर्ट मिळतो म्हणून मुक्त स्रोत प्रकल्पांवर निरर्थक बदलांचा इतका पूर लोटला की आयोजकांना भर मोहिमेत नियम बदलावे लागले. कोणी कागदपत्रांत नुसता 'अमेझिंग' शब्द घुसडून पाठवत होतं. त्या पुरात आपल्या देशातली बरीच नावं होती, आणि मला त्याची अजून लाज वाटते. आता तर चॅटबॉटकडून लिहून घेतलेले खोटे बग-अहवाल निस्तरता निस्तरता मेंटेनर मंडळी मेटाकुटीला आलीत. तेव्हा हात जोडून सांगते, साठच्या साठ मुलांना हा प्रोजेक्ट सक्तीने लावू नका. 'प्रत्येकी पाच बग, तेव्हाच टर्मवर्क' असा फतवा काढायचा असेल तर हे पत्र इथेच फाडून टाका. ज्यांना कोड वाचायचा कंटाळा नाही असे दोन ग्रुप पुरे. तसा एकच मिळाला तरी चालेल.

ज्यांना सी येत नाही, त्यांनाही काम आहे. तुमच्या लॅबच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेली मशीन्स काढा. (अगदीच जुनी ३२-बिट असतील तर सोडून द्या. ट्रिक्सीपासून त्यांच्यासाठी डेबियनचा इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही नाही.) त्यांवर नव्या इन्स्टॉलरची चाचणी आवृत्ती चढवायची, काय चाललं, काय अडलं, कोणतं नेटवर्क कार्ड सापडलं नाही, याचा इन्स्टॉलेशन रिपोर्ट पाठवायचा. बुकवर्म असलेल्या मशीनवर अपग्रेड करून बघायचं, त्याचा वेगळा रिपोर्ट. एका मशीनला एक दुपार. जगात कुठलं हार्डवेअर कुठे पडलंय हे कुठल्याच टीमला घरबसल्या कळत नाही. आपल्याकडे टेंडरमधून आलेले, कोणी नावही न ऐकलेले मदरबोर्ड आहेत. इतर वेळी ती डोकेदुखी असते, इथे ते भांडवल आहे.

आणि एक काम तर आपल्याशिवाय कोणी करूच शकत नाही. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये मराठी २००९ च्या लेनी आवृत्तीपासून आहे. आपल्या राज्यातल्या किती विभागप्रमुखांनी ती एकदा तरी निवडून पाहिलीय? मी स्वतः पहिल्यांदा निवडली ती नोकरीत बारा वर्षं घालवल्यावर, तेही चुकून. ती फक्त ग्राफिकल इन्स्टॉलरमध्ये मिळते, कारण साध्या मजकुराच्या पडद्यावर जोडाक्षरं नीट मांडता येत नाहीत. 'दुसऱ्या' आणि 'तऱ्हा' यांतला अर्धा र बरोबर उमटतो का, ल आणि श मराठी वळणाचे येतात की हिंदी, बटणावर मावेल इतकं वाक्य लहान आहे का, डिस्कच्या विभाजनाच्या पडद्यावरची सूचना माणसाला कळते की शब्दकोश घेऊन बसावं लागतं, हे तपासायला सी लागत नाही. लातूर नाहीतर गडचिरोलीतून आलेली, इंग्रजीत अडखळणारी आणि म्हणून प्रत्येक ग्रुपमध्ये मागे पडणारी एखादी मुलगी हे काम ग्रुपमधल्या इतर तिघांपेक्षा चांगलं करेल. फ्रीझमध्ये भाषांतराच्या दुरुस्त्यांना जागा असते. रिलीजनंतर दोन वर्षं थांबावं लागतं.

मुलांना कुतूहल वाटेल अशी आणखी एक गोष्ट, जमलं तर वर्गात सांगा. १९ जानेवारी २०३८ ला भारतात सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झाले की ३२-बिट घड्याळं भरून वाहतील. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजणारा आकडा २,१४७,४८३,६४७ वर थांबतो आणि पुढच्या सेकंदाला घड्याळ १९०१ सालात जातं. ट्रिक्सीमध्ये एक जुनी ३२-बिट शाखा वगळता सगळीकडे हा आकडा ६४ बिटांचा केलाय. त्यासाठी कितीतरी लायब्ररींची नावं बदलावी लागली, म्हणून त्यांच्या शेपटाला 'टी६४' दिसतं. २०२७ मध्ये पास होणारी मुलं त्या सकाळी बत्तीस-तेहतीस वर्षांची असतील, आणि तेव्हा फोन त्यांनाच येणार आहेत.

मुक्त स्रोताचा प्रचार करायला हे लिहिलंय असा काहींचा समज होईल. प्रचाराचा मला कंटाळा आहे. विद्यार्थी विंडोजवर नोकरी करोत की आणखी कशावर, माझी हरकत नाही. मला मुलाखतीत एकच प्रश्न विचारता यायला हवा: 'तुझ्या बदलाला कोणी नाही म्हटलं होतं का, आणि मग तू काय केलंस?' आज समोरच्या मुलाला हा प्रश्नच कळत नाही. त्याच्या कोडकडे चार वर्षांत गुण देण्यापलीकडे कोणी बघितलेलंच नसतं.

डेबियन सुरू केलं तेव्हा इयन मर्डॉक परड्यू विद्यापीठात शिकत होता. वय वर्षं वीस. १६ ऑगस्ट १९९३ ला त्याने घोषणा केली, आणि मैत्रीण डेब्राच्या नावाला स्वतःचं नाव जोडून प्रकल्पाचं नाव ठेवलं. त्याच्या विभागप्रमुखांनी त्याला सीओ-पीओ विचारले होते का, याची नोंद मला कुठे आढळली नाही.

तुमच्याकडे प्रोजेक्टची शीर्षकं बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये ठरतात. म्हणजे २०२७ च्या बॅचसाठी २०२६ चा पावसाळा. सातव्या सेमिस्टरमध्ये मुलांनी पॅकेज बांधायला, बग वाचायला आणि मेलमध्ये नीट, मुद्द्याचं, चार ओळींचं इंग्रजी लिहायला शिकावं. या शेवटच्याला सर्वात जास्त वेळ लागेल, तो धरून ठेवा. दिवाळीनंतर एखादा सोपा बग हातात घ्यावा. जानेवारीत फ्रीझ लागलाच तर तयार असतील, मार्चवर गेला तर आणखी बरं.

पुणे, सातारा, सांगली, नगर एवढ्या टापूत पहिल्या रिव्ह्यूला मी स्वतः येईन. मानधन नको, एसटीचं तिकीट माझं मी काढेन. फक्त त्या दिवशी लॅबमधलं इंटरनेट चालू ठेवा, आणि लॅब असिस्टंटला सांगून मशीन्सचे बायोस पासवर्ड आधी शोधून ठेवा. मागच्या वेळी एका कॉलेजात त्यातच अडीच तास गेले होते.

कळावे,
आपली,
२००४ च्या बॅचची एक माजी विद्यार्थिनी
पुणे